कोरियन बाऊलमध्ये पहिला मान भाताचा

गरम भात, त्यावर तव्यात खरपूस झालेला सॅल्मन, बाजूला मिठात पिळलेली काकडी, वर गोचुजांग या आंबवलेल्या मिरचीच्या वाटणाचा लाल लेप आणि भाजलेले तीळ. भात शिजून मुरेपर्यंत बाकीचं सगळं तयार होतं, म्हणून कामावरून दमून आलेल्या माणसालाही हा बाऊल जमतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये एमिली मारिको या अमेरिकी तरुणीचा उरलेला सॅल्मन आणि भात कुस्करून खातानाचा छोटा व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि त्यानंतर अशा बाऊलच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. तिच्या बाऊलमध्ये किमची होती, पण बाकी चव जपानी मेयोनेज आणि श्रीराचा सॉसची. कोरियन वळणाचा बाऊल वेगळा, आणि त्याबद्दल बरंच काही चुकीचं सांगितलं जातं. बहुतेकांचा जीव माशात अडकलेला असतो. चव मात्र ठरते भातावर आणि गोचुजांगवर.

गैरसमज: हा कोरियातला जुना, घरोघरी होणारा पदार्थ आहे.

निम्मं खरं. भातावर मांस, मासा किंवा भाजी घालून एकाच वाडग्यातून जेवायची रीत कोरियन आहेच. अशा भाताला तिथे दपबाप म्हणतात. कच्च्या माशाचे तुकडे, कोवळी पानं आणि व्हिनेगर घातलेलं गोचुजांग असाही त्याचा एक आवडता प्रकार आहे. सॅल्मन मात्र या वाडग्यात अलीकडचा. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर यांगयांगच्या नदीत शरद ऋतूत चम जातीचे सॅल्मन अंडी घालायला चढतात, पण सोलच्या दुकानांत दिसणारा केशरी, चरबीदार सॅल्मन मुख्यतः नॉर्वेतून येतो, समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला. जपानचीही गोष्ट अशीच आहे. तिथे स्थानिक सॅल्मन परंपरेने खारवून किंवा शिजवूनच खात, कारण त्यात परजीवी कृमी असतात. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सॅल्मन कच्चा खाण्यासाठी म्हणून तिथे नेटाने खपवायला घेतला, तेव्हा कुठे सॅल्मन सुशीवर आला.

कोरियन घरातला रोजचा मासा विचाराल तर तो मॅकरल. मीठ लावून भाजलेला, किंवा मुळ्याच्या जाड चकत्यांसोबत तिखट रश्शात शिजवलेला. आपला बांगडा त्याच कुळातला. त्यामुळे सॅल्मन मिळाला नाही किंवा परवडला नाही, तर बेत रद्द करायचं काहीच कारण नाही. भाजलेल्या बांगड्याचे काटे काढून केलेला बाऊल माझ्या मते कोरियन जेवणाच्या जास्त जवळ जातो.

गैरसमज: रावस म्हणजे आपल्याकडचा सॅल्मन.

रावस ‘इंडियन सॅल्मन’ या नावाने विकला जातो, त्यातून हा घोळ झाला. रावस थ्रेडफिन कुळातला. सॅल्मनचं कूळ वेगळं. रावसाचं मांस फिकट आणि कमी चरबीचं, म्हणून तव्यावर एखाद-दोन मिनिटं जास्त झाली की कोरडं पडतं. मासा उत्तमच आहे आणि या बाऊलमध्ये शोभतो. फक्त पाककृतीत सॅल्मन कच्चा सांगितला असेल, तर त्या जागी रावस कच्चा घालू नये.

गैरसमज: मासा ताजा असला, किंवा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, की कच्चा खाता येतो.

इथे मात्र नीट थांबून वाचा. मासा कितीही ताजा असला तरी त्यात कृमी असू शकतात. ते मारण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेले निकष असे: उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ अंशांच्या आसपास असतो आणि दार उघडलं की तेवढाही राहत नाही. तयार गोळी-खाद्यावर वाढवलेल्या माशांना या अटीतून सूट आहे, कारण कृमी माशात शिरतात ते खाद्यातूनच. पण वाहतुकीत मासा कुठे तापला असेल, तर वाढलेल्या जंतूंवर गोठवणं हा इलाज नाही. गोठवल्याने बहुतेक जंतू नुसते थबकतात. ‘सुशी ग्रेड’ या शब्दांना अमेरिकेतही कायद्याची व्याख्या नाही. म्हणून घरी मासा शिजवूनच घ्यावा. मधोमध ६३ अंश हे सुरक्षित तापमान. थर्मामीटर नसेल तर काटा लावल्यावर पाकळ्या सहज सुटायला हव्यात आणि आत पारदर्शक भाग दिसता कामा नये.

गोठवलेला सॅल्मन म्हणजे शिळा, हीही समजूत सोडून द्यावी. पकडल्याबरोबर गोठवलेला तुकडा कित्येक दिवस बर्फावर प्रवास केलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा चांगला निघतो. तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर वितळवावा, पण हवाबंद पाकीट आधी फाडून. बोट्युलिझम घडवणाऱ्या जंतूंना हवा नको असते आणि त्यांच्यातला एक प्रकार फ्रिजच्या थंडाव्यातही वाढू शकतो.

रंगाबद्दलची भीतीही अनाठायी आहे. पाळीव सॅल्मनला इंजेक्शनने रंग देत नाहीत. जंगली सॅल्मनला ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य कोळंबीसारख्या जिवांतून मिळतं, पाळीव माशाच्या खाद्यात ते घातलेलं असतं. शिजताना वर येणारा पांढरा साकाही चरबीचा नव्हे, ती गोठलेली प्रथिनं. आच कमी ठेवली की तो कमी येतो.

गैरसमज: भात कुठलाही चालतो, बासमती असेल तर अधिक छान.

कोरियन तांदूळ आखूड दाण्याचा, जॅपोनिका प्रकारचा. त्यात अमायलोज हा स्टार्च कमी असतो, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात आणि चमच्यात भात, मासा, लेप असं सगळं एकत्र येतं. बासमतीत नेमकं उलटं. दाणा सुटा राहतो आणि लेप वाडग्याच्या तळाशी जातो. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यासाठी आयात तांदूळ शोधायची गरजच नाही. आंबेमोहराच्या संकरातून आलेला, मावळात पिकणारा इंद्रायणी या कामाला चोख आहे. आंबेमोहरही चालेल, त्याचा वास तेवढा पुढे येतो. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवावा, पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी, आणि गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता १० मिनिटं मुरू द्यावा. मीठ नाही, तेल नाही. व्हिनेगरही नाही, तो सुशीच्या भातातला, आणि कोरियन रोजचा भात पांढरा, अळणी असतो.

उरलेला भात घेणार असाल तर एक सावधगिरी. ‘पुन्हा कडकडीत गरम केला की झालं’ हे खरं नाही. तांदळातल्या बॅसिलस सेरेअस जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते रुजून विष तयार करतात आणि त्यातलं उलटी घडवणारं विष उष्णतेने मोडत नाही. भात पसरट ताटात लवकर निववून तासाभरात फ्रिजमध्ये टाकावा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना भातावर बर्फाचा खडा ठेवून कागदाने झाकायची मारिकोची व्हिडिओतली युक्ती मात्र खरी आहे. बर्फातले रेणू जखडलेले असल्याने तो मायक्रोवेव्ह फार कमी शोषतो. भातातलं पाणी तापतं, वाफ झाकणाखाली कोंडते, भात मऊ होतो आणि खडा बराचसा तसाच शिल्लक राहतो.

गैरसमज: गोचुजांग म्हणजे मिरचीचा सॉस, मासा त्यात तासभर मुरवायचा.

सॉसपेक्षा हे प्रकरण खोल आहे. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, सातूचं माल्ट आणि मीठ एकत्र करून मातीच्या रांजणात महिनोन्‌महिने मुरवतात. दक्षिण कोरियातलं सुनचांग त्यासाठी प्रसिद्ध. असे आंबवलेल्या सोयाबीनचे ‘जांग’ बनवण्याची तिथली परंपरा डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिखट, गोड, खारट आणि आंबवलेला खमंगपणा एका चमच्यात येतो. श्रीराचात किंवा लाल तिखट-केचपच्या मिश्रणात तो खमंगपणा नसतो. रंग पाहून दचकू नका, बाजारातलं मध्यम गोचुजांग कोल्हापुरी तिखट खाणाऱ्याला सौम्यच वाटेल. गव्हाचं पथ्य असेल तर डब्यावरचे घटक वाचा, अनेक ब्रँडमध्ये गहू असतो.

गोचुजांगमधल्या गोडव्यामुळेच ते तव्यावर झटकन करपतं. म्हणून मासा मुरवायचा नाही. दोघांसाठी साधारण ३०० ग्रॅम सॅल्मन कागदाने अगदी कोरडा टिपून मीठ लावा. तवा मध्यम आचेवर, चमचाभर तेल, साल खाली. पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने दाबून धरा, नाहीतर साल आखडून तुकडा वाकतो. मग हात लावू नका. कडेने फिकट रंग वर चढत जाताना दिसतो; तो तीन चतुर्थांश उंचीवर आला की उलटा, गॅस मंद करा आणि आता लेप घाला: एक मोठा चमचा गोचुजांग, एक मोठा चमचा सोया सॉस, छोटा चमचा मध, ठेचलेली लसणाची पाकळी आणि दोन चमचे पाणी. मिनिटभरात लेप चकचकीत होऊन माशाला धरतो.

तिळाच्या तेलाचा घोळ शेवटी. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, गडद आणि सुवासिक. आपलं कच्च्या तिळाचं फिकं तेल त्याची जागा घेत नाही. कोरियन तेल नसेल तर तीळ खमंग भाजून भरड कुटून घाला. भाजलेल्या तिळाचं तेल असेल तर गॅस बंद केल्यावर छोटा चमचा पुरे. आणि खायला चॉपस्टिक्स शोधू नका, कोरियात भात चमच्यानेच खातात आणि वाडगा हातात न उचलता टेबलावरच ठेवतात. सगळं नीट कालवा.