उजनीचे दरवाजे बंद, तरी पंढरपुरात पूर?

पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्याची नजर भीमेवरच्या उजनी धरणाकडे लागलेली असते. पण भीमेचं सगळंच पाणी उजनीतून येत नाही. कोणती उपनदी कुठे मिळते हे ठाऊक नसल्याने रुजलेले काही समज नदीकाठाला महागात पडतात.

गैरसमज : भीमा आणि चंद्रभागा या दोन नद्या आहेत.
वस्तुस्थिती : नदी एकच. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा 861 किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते.

गैरसमज : इथे पाऊस नाही, मग पूर कसा येईल?
वस्तुस्थिती : पंढरपूर पर्जन्यछायेत आहे. पुराचं पाणी येतं ते मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरून. इंद्रायणी तुळापूरला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला आणि कुकडीला पोटात घेतलेली घोड दौंडच्या परिसरात भीमेला मिळते. हे सारं पाणी उजनीत येतं.

गैरसमज : उजनीचे दरवाजे बंद, म्हणजे पंढरपूर सुरक्षित.
वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक समज. नीरा भीमेला मिळते ती उजनीच्या खाली, नीरा-नरसिंहपूरला. भोरच्या डोंगरात पाऊस कोसळला, भाटघर आणि नीरा-देवघर ही धरणं भरली आणि नीरेवरच्या वीर धरणातून विसर्ग वाढला, की ते पाणी उजनीला न शिवता पंढरपूरकडे निघतं. त्याच वेळी उजनीतूनही पाणी सोडलेलं असेल, तर संगमाखाली भीमा झपाट्याने फुगते. पंढरपुरातला जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, नदीपात्राच्या वाळवंटातल्या पुंडलिकाच्या मंदिराला पाण्याचा वेढा पडतो.

गैरसमज : सीनेचा पूरही उजनीमुळेच येतो.
वस्तुस्थिती : सीना अहिल्यानगरकडून स्वतंत्रपणे येते आणि पंढरपूरच्या बऱ्याच खाली, हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. सप्टेंबर 2025 मध्ये सीनाकाठची गावं बुडाली, ती तिच्या स्वतःच्या खोऱ्यातल्या अतिवृष्टीने. तिचा पूर उजनी अडवू शकत नाही.

म्हणून पंढरपूरकरांनी आणि वाळवंटात उतरणाऱ्या वारकऱ्यांनी तीन आकडे रोज पाहावेत : उजनीचा विसर्ग, वीरचा विसर्ग आणि नरसिंहपूरच्या संगमावरचा प्रवाह. घाटमाथ्यावरचं पाणी इथवर पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात माणसं आणि जनावरं सुरक्षित जागी हलवता येतात.