पुरवठा-व्यवस्थापकाची पारख

जयपुरी रजई वजनाला हलकी आणि उबेला भारी, अशी तिची ख्याती आहे. समजा, जयपुरातील एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या अशा रजया शिवत आले आहे. पूर्वी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून येई. आता ते गुवाहाटीत असते, कोइमतूरला असते, पुण्यात असते, आणि मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहून रजई मागवते. पहिले वर्ष थोरल्या मुलाने कसेबसे निभावले. दुसऱ्या हिवाळ्यात थंडीची लाट आली तेव्हा गोदामात लहान मापाच्या रजयांची रास आणि मोठ्या मापाची एकही नाही, अशी अवस्था झाली. मार्चमध्ये हिशेब मांडला, तर विक्री वाढलेली आणि रोकड मात्र आटलेली. आता त्या कुटुंबाला पगार देऊन एक पुरवठा-व्यवस्थापक नेमावयाचा आहे. अर्ज पुष्कळ आले आहेत. माणूस निवडावा कसा?

हा प्रश्न आज केवळ बड्या कंपन्यांचा राहिलेला नाही. बचत गट, विणकरांच्या सहकारी संस्था, मसाले व लोणची करणारे गृहोद्योग, सारेच ऑनलाइन विक्रीकडे वळले आहेत; आणि या पेशात शिरू पाहणारे मुलगे व मुली तर घरोघरी आहेत.

‘सप्लाय चेन’ या शब्दाला आम्ही अनुवादक मंडळी ‘पुरवठा-साखळी’ असा प्रतिशब्द योजतो. शब्द रूढ झाला हे खरे, तथापि तो थोडा फसवा आहे. साखळीची कडी ओढली की दुसरे टोक तत्काळ हलते. पुरवठ्याचे तसे नाही. येथे एका टोकाची हालचाल दुसऱ्या टोकास पोहोचेपर्यंत आठवडे लोटतात, आणि तोवर मधल्या प्रत्येकाने आपापल्या भीतीची त्यात भर घातलेली असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास हे तत्त्व शिकविण्यासाठी एक खेळ सिद्ध केला. तो आजही व्यवस्थापनाच्या विद्यालयांत खेळतात. मूळ खेळात माल म्हणून बिअरच्या पेट्या आहेत. आमच्या वाचकांनी त्या जागी रजया कल्पाव्यात. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार असे चार खेळाडू असतात. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची मागणी दिसते आणि माल यावयास काही आठवडे लागतात. ग्राहक आरंभी दर आठवड्यास ४ पेट्या नेतो. पाचव्या आठवड्यापासून ८ नेऊ लागतो आणि पुढे ८ वरच कायम राहतो. बदल काय तो एवढाच! परंतु दुकानदार घाबरून थोडे अधिक मागवतो, व्यापारी त्याहून अधिक, आणि कारखान्यापर्यंत जाताना त्या आठाचे कैक पट होतात. पुढे मागवलेला सगळा माल एकदम येऊन आदळतो. खेळ संपल्यावर बहुतेकांची खात्री असते की ग्राहकच लहरी होता.

आमच्या मते उमेदवाराची पहिली परीक्षा याच अंगाने घ्यावी. ‘गेल्या आठवड्यात मागणी दुप्पट झाली, तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. ‘तत्काळ दुप्पट शिवून घेईन’ हे उत्तर तडफदार वाटते, पण ते घातक आहे. जो प्रथम विचारतो की ही वाढ सवलतीची होती, थंडीची होती की कायमची, आणि आधी मागविलेले पण वाटेत असलेले कापड किती आहे, त्याला जवळ बसवून घ्यावे.

दुसरे गणित त्याहून साधे आहे. रोज ४० रजयांचे कापड लागते आणि सांगानेरहून छापील कापड यावयास ९ दिवस लागतात. तर गोदामात किती रजयांचे कापड उरले असता नवी मागणी नोंदवावी? ३६० हे उत्तर कोणीही देईल. चांगला उमेदवार तेथे थांबत नाही. पावसाळ्यात ठशांचे कापड वाळण्यास ऊन मिळत नाही, हे त्याला ठाऊक नसले तरी ‘नेहमी नवव्याच दिवशी येते का?’ असे तो विचारतो. कधी सहाव्या, तर कधी चौदाव्या दिवशी येते असे कळताच तो ५६०चा आकडा मांडतो, आणि एवढे कापड पडून राहिल्यास त्यात किती भांडवल अडकेल, हेही सांगतो. सरासरी सांगणारे पुष्कळ मिळतात. सरासरीभोवतीची चढउतार पाहणारा विरळा.

भारतात तर माल पाठविला म्हणजे विकला गेला, असे धरून चालतच नाही. २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय आणली आणि ऑनलाइन खरेदीविषयी साशंक असलेल्या कुटुंबांचा विश्वास वाढला. पण दारावर आलेले पार्सल नाकारणेही त्यामुळे सोपे झाले. १०० रजया पाठविल्या आणि समजा २० परत निघाल्या, तर त्या वीस ना गोदामात, ना ग्राहकाकडे. त्यांचे जाण्याचे भाडे गेले, बहुधा येण्याचेही गेले, आणि ऐन हंगामाचे पंधरा दिवस वाटेतच सरले. आमच्या जयपूरच्या कुटुंबाची रोकड आटण्याचे एक कारण येथेच सापडेल. म्हणून उमेदवारास मागील नोकरीतील विक्रीचे आकडे विचारण्याऐवजी, परत आलेल्या मालाचे काय करीत होता, हे विचारावे.

भाड्याचा विषय निघालाच आहे. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांपैकी जे जड भरेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरांच्या गुणाकारास बहुधा ५००० ने भागतात. ४० × ३० × २० च्या खोक्यातील दीड किलोची रजई अशा रीतीने ४.८ किलोची ठरते! हे जाणणारा माणूस पहिल्याच आठवड्यात खोके बदलील. कागदपत्रांचेही ज्ञान हवे: परराज्यात गोदाम घेऊन तेथून विकावयाचे, तर त्या राज्यात जीएसटीची नोंदणी लागते, आणि ५० हजार रुपयांवरील माल परराज्यात नेताना ई-वे बिल लागते, ही पद्धत १ एप्रिल २०१८ पासून आहे. परंतु या गोष्टी शिकता येतात. त्यांवरून निवड करू नये.

पत्त्याचा भूगोल मात्र अंगी मुरलेला असावा. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला सहा अंकी पिन मिळाला. त्याचा पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाचा छाननी-जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय. ऑनलाइन व्यापार आज त्याच अंकांवर चालतो. तथापि एकाच पिनखाली शहराची एक पेठही असते आणि डोंगराळ प्रदेशातील विखुरलेली गावेही. दोन्हींना ‘तीन दिवसांत पोहोचेल’ असे सारखेच वचन देणारा व्यवस्थापक एक तर नकाशा पाहत नाही, किंवा पार्सल घेऊन धावणाऱ्या मुलाकडे पाहत नाही. ते अशक्य वचन अखेर त्या मुलाच्या दुचाकीवर येऊन बसते.

राहता राहिले संगणकाचे कौशल्य. ते हवेच. मात्र यंत्र ४२ रजया दाखवीत असता फळीवर ३९ निघाल्या, तर कोणावर विश्वास ठेवावा हे ज्याला समजत नाही, त्याच्या हाती यंत्र देऊन उपयोग नाही. रोज थोडाथोडा माल स्वतः मोजून नोंदीशी ताडून पाहण्याची सवय आहे का, हे विचारावे.

मुलाखत शक्यतो खुर्चीत बसून घेऊ नये. उमेदवारास तासभर गोदामात मोकळे सोडावे आणि तो कोठे जातो ते पाहावे. कोणी नव्या मालाच्या उंच राशी न्याहाळील, कोणी संगणकापाशी बसेल. एखादा मात्र खोकी बांधणाऱ्या बाईपाशी थांबून कोणत्या मापाचे खोके वारंवार कमी पडते ते विचारील, आणि मग कोपऱ्यातील परत आलेल्या पार्सलांवरच्या चिठ्ठ्या एकेक वाचू लागेल. जयपूरच्या त्या कुटुंबाने त्यालाच पगाराचे विचारावे.