सरपटणारे सोबती – लेखांक ६ : सापाचे दुखणे

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानखुरा अजगर. भीती वाटली की डोके आत घेऊन तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. अमेरिका आणि युरोपात पाळल्या जाणाऱ्या सापांत त्याचा क्रमांक बराच वरचा आहे, कारण तो शांत असतो आणि फार मोठा होत नाही. मात्र हा शांतपणाच आजारपणात फसवा ठरतो. निरोगी सापही दिवसभर कोपऱ्यात पडून असतो, त्यामुळे दुखणे सहज लक्षात येत नाही. ते कात, श्वास, तोंड आणि वजन या खुणांवरून ओळखावे लागते.

सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पचन आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतात. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान आणि साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. यात बिघाड झाला की बहुतेक दुखणी सुरू होतात. म्हणून कोणतेही लक्षण दिसले की आधी तापमापक आणि आर्द्रतामापक तपासावेत.

कात हा सर्वांत सोपा आरसा. कात टाकण्याआधी सापाचे डोळे निळसर दुधी होतात, काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि मग नाकाच्या टोकापासून सुटत कात अखंड निघते. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर हवा कोरडी आहे किंवा साप आजारी आहे असे समजावे. शेपटीच्या टोकाला कातेचे कडे राहिले तर रक्तपुरवठा तुटून टोक काळे पडते. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघायला हवा. म्हणून निघालेल्या कातेत डोळ्यांच्या दोन गोल चकत्या आहेत का, हे पाहावे. चिकटलेली कात सैल करण्यासाठी पेटीत ओल्या शेवाळाचा डबा ठेवावा किंवा सापाला कोमट, उथळ पाण्यात वीस मिनिटे ठेवावे. डोळ्यावरची चकती चिमट्याने ओढू नये. खालचा डोळा कायमचा जायबंदी होतो.

श्वसनाचा संसर्ग याहून गंभीर. सापाला श्वासपटल नसते, त्यामुळे फुप्फुसातला चिकटा खोकून बाहेर टाकणे त्याला जमत नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा टकटक आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडे ठेवणे आणि डोके उंच धरून बसणे ही लक्षणे दिसली की घरगुती उपाय थांबवावेत. पशुवैद्य नमुना घेऊन जंतू तपासतात आणि प्रतिजैविक देतात. सापाची चयापचय क्रिया मंद असल्याने सेफ्टाझिडीमसारखे औषध बहुधा तीन दिवसांतून एकदाच टोचले जाते. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातले रक्त थेट मूत्रपिंडांकडे जाऊ शकते. विषाणूमुळे झालेल्या संसर्गावर मात्र खात्रीचे औषध नाही. तिथे आधारोपचार आणि विलगीकरण एवढेच हाती असते.

तोंडाच्या संसर्गात हिरड्यांवर लाल ठिपके उठतात, नंतर पिवळसर, पनीरसारखा घट्ट पू साचतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, म्हणून तो वाहून जात नाही. डॉक्टरांना तो काढावा लागतो.

माइट्स म्हणजे गोचिडीच्या जातकुळीतले, टाचणीच्या डोक्याएवढे काळे रक्तपिपासू जीव. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला ते दडतात. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहू लागला तर हा संशय घ्यावा आणि पेटीत पांढरा कागद अंथरून पाहावा. उपचार सापाबरोबर पेटीचाही करावा लागतो आणि अंडी फुटत राहत असल्याने तो काही आठवडे पुन्हा पुन्हा करावा लागतो.

उपासाने लगेच घाबरण्याचे कारण नाही. प्रौढ बॉल पायथन काही महिने न खाताही तगतो. मात्र दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवून नोंद करावी. वजन दहाव्या हिश्शाने घटले तर तपासणी हवी. खाल्लेले ओकून टाकले तर किमान दहा दिवस भक्ष्य देऊ नये, मग लहान भक्ष्यापासून सुरुवात करावी. वारंवार ओकणे हे परजीवींचे लक्षण असू शकते. डोके आकाशाकडे वळणे किंवा उलटे पडल्यावर सरळ होता न येणे ही मज्जासंस्थेच्या विकाराची खूण आहे आणि त्यासाठी तातडीने डॉक्टर गाठावा.

भारतात नाग, धामण, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते घरात पाळता येत नाहीत. जखमी साप आढळल्यास वनविभागाला कळवावे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून साप हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

डॉक्टरकडे जाताना सापाला कापडी पिशवीत, उबदार डब्यात न्यावे आणि सोबत शेवटची कात, ताजी विष्ठा आणि तापमान-वजनाची वही घ्यावी. निदानाचे निम्मे काम त्या वहीतच झालेले असते.