विश्लेषण : लांडगे परतले, पण अमेरिकेतील शिकाऱ्यांत फूट का पडली?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डिसेंबर २०२३ मध्ये लांडगे पुन्हा जंगलात सोडण्यात आले. हा निर्णय वनखात्याने किंवा न्यायालयाने नव्हे, तर मतदारांनी घेतला होता. पशुपालकांचा विरोध अपेक्षितच होता. मात्र शिकारी समाजात या प्रश्नावर सरळ दोन तट पडले आहेत. एका गटाला लांडगा हा आपल्या वाट्याचे हरीण पळवणारा प्रतिस्पर्धी वाटतो, तर दुसऱ्याला लांडग्याविना जंगल अपुरे वाटते. हा वाद नेमका कशाबद्दल आहे?

कोलोरॅडोत काय घडले?

या राज्यातील मूळचे लांडगे १९४० च्या दशकात संपले. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘प्रस्ताव ११४’ या नावाने सार्वमत झाले. लांडगे परत आणावेत, असे ५०.९ टक्के मतदारांनी म्हटले, तर ४९.१ टक्के विरोधात गेले. जवळपास ५७ हजार मतांच्या फरकाने प्रस्ताव मंजूर झाला. कौल मुख्यतः डेन्व्हर आणि आसपासच्या शहरी पट्ट्याने दिला. लांडगे मात्र सोडायचे होते ते पर्वतरांगेच्या पश्चिमेला, जिथे गुरांची कुरणे आणि शिकारीची राने आहेत आणि जिथल्या बहुतेक मतदारांनी विरोधी मत दिले होते.

वायोमिंग, आयडाहो आणि मोन्टाना या राज्यांनी लांडगे देण्यास नकार दिला. अखेर ओरेगॉनमधून १० लांडगे आले. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून आणखी १५ आणण्यात आले. तीन ते पाच वर्षांत ३० ते ५० लांडगे सोडायचे, अशी मूळ योजना आहे.

लांडगे मुळात नाहीसे कसे झाले?

ते सरकारनेच संपवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांडगा मारणाऱ्याला बक्षीस मिळे. पगारी शिकारी, सापळे आणि विषारी आमिषे यांचा सर्रास वापर झाला. यलोस्टोन या जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानातही १९२६ पर्यंत शेवटचे लांडगे मारले गेले.

चक्र उलटे फिरले ते सत्तर वर्षांनी. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये सोडण्यात आले. आयडाहोच्या मध्य भागात आणखी ३५ लांडगे सोडले गेले. त्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि ते तीन राज्यांत पसरले. आजच्या कोलोरॅडोतील वादात दोन्ही बाजूंचे शिकारी दाखले देतात ते याच अनुभवाचे.

शिकाऱ्यांच्या मताला एवढे वजन का?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार जवळपास संपली. त्यामुळे आपल्याकडे लांडग्याच्या प्रश्नात शिकारी हा पक्षच नसतो. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येत हरणांची शिकार करणे कायदेशीर आहे. एल्क हे काश्मीरच्या हंगुलाच्या कुळातले, पण त्याहून बरेच मोठे हरीण. एका एल्कचे मांस एका कुटुंबाला कित्येक महिने पुरते. डोंगराळ भागातील अनेक घरांत शिकार ही हौस असते, तशीच ती वर्षाच्या मांसाची तजवीजही असते.

दुसरे कारण पैशाचे. राज्यांच्या वन्यजीव विभागांचा मोठा खर्च शिकार आणि मासेमारीच्या परवान्यांच्या शुल्कातून भागतो. शिवाय १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के कर बसतो. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. विसाव्या शतकात घटलेल्या एल्कची संख्या पुन्हा वाढवण्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. ‘हरणे आम्ही जगवली, मग त्यांच्याबद्दलचा निर्णय आम्हाला डावलून कसा होतो?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. हा रोष ओळखून कोलोरॅडोच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये कायदा केला आणि लांडगे आणण्यासाठी परवाना शुल्काचा पैसा वापरण्यास मनाई केली.

विरोध करणाऱ्या शिकाऱ्यांचे म्हणणे काय?

त्यांचा पहिला मुद्दा एल्कच्या संख्येचा आहे. यलोस्टोनच्या उत्तर भागातील एल्कच्या कळपात १९९४ मध्ये सुमारे १९ हजार जनावरे मोजली गेली होती. २०१३ च्या गणनेत ती चार हजारांच्याही खाली आली. आयडाहोतील लोलो या दुर्गम पट्ट्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६ हजार एल्क होते, २०१० पर्यंत दोनेक हजार उरले. शिकाऱ्यांना हंगामासाठी बाहेरगावाहून रानात नेणाऱ्या अनेक व्यावसायिकांचा धंदा अशा भागांत बसला.

दुसरा मुद्दा जनावरांच्या वागण्याचा. लांडगे आल्यापासून एल्क उघड्या माळावर कमी दिसतात, दाट झाडीत किंवा खासगी जमिनीत शिरतात आणि त्यांना गाठणे अवघड होते, अशी तक्रार आहे.

तिसरा मुद्दा सर्वात कळीचा आहे : निर्णय कुणी घ्यायचा? किती जनावरे असावीत आणि किती मारावीत, हे वन्यजीव विभागाच्या तज्ज्ञांनी ठरवावे, ते मतपेटीतून ठरू नये, असे अनेक शिकारी म्हणतात. एल्कच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या ‘रॉकी माउंटन एल्क फाउंडेशन’ या शिकाऱ्यांच्या मोठ्या संघटनेने कोलोरॅडोतील प्रस्तावाला विरोध केला होता. आज लांडगा मतदानाने आला, उद्या शिकारच मतदानाने बंद होईल, ही भीती त्यामागे आहे. ती अगदी निराधारही नाही. २०२४ मध्ये त्याच राज्यात पहाडी सिंहाच्या शिकारीवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. सुमारे ५५ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

मग एल्क खरोखर लांडग्यांमुळेच घटले का?

अंशतः. यलोस्टोनमधील घसरणीला लांडग्यांबरोबर इतरही कारणे होती. त्याच काळात पाडसे खाणारी ग्रिझली अस्वले आणि पहाडी सिंह वाढले. १९९६-९७ चा हिवाळा अत्यंत कडक होता, पुढे दुष्काळ पडला. उद्यानाबाहेर हिवाळ्यात एल्कच्या माद्या मारण्याचे परवानेही त्या काळात मोठ्या संख्येने दिले जात होते. लोलोमध्ये तर एल्क घटण्याची सुरुवात लांडग्यांच्या आधीच झाली होती. १९१० च्या प्रचंड वणव्यानंतर तिथे झुडपांची मोकळी राने तयार झाली होती आणि ती एल्कला मानवली होती. पुढे तिथे पुन्हा दाट जंगल वाढले आणि चारा कमी झाला. लांडग्यांनी आधीच खचलेल्या कळपांवर घाव घातला आणि त्यांना सावरू दिले नाही, असे फार तर म्हणता येते.

राज्य पातळीवरचे चित्र याहून वेगळे आहे. वायोमिंगमध्ये लांडगे परतून पाव शतक उलटल्यावरही एक लाखाहून अधिक एल्क आहेत. कोलोरॅडोत ही संख्या सुमारे २ लाख ८० हजार, म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे. एक लांडगा वर्षाला साधारण २० एल्क मारतो असे धरले, तर ५० लांडगे हजारएक एल्क मारतील. कोलोरॅडोतील शिकारी दर वर्षी ३० हजारांहून अधिक एल्क मारतात.

पण शिकारी राज्याच्या सरासरीत शिकार करत नाही. वर्षानुवर्षे तो एका ठरावीक खोऱ्यात जातो. लांडग्यांची टोळी त्याच खोऱ्यात राहिली, तर त्याच्यासाठी घट खरीच असते. एक बाजू राज्याचा आकडा दाखवते, दुसरी आपल्या खोऱ्याचा. दोन्ही आकडे बरोबर असल्यामुळेच हा वाद मिटत नाही.

लांडग्याच्या बाजूने उभे राहणारे शिकारी कोण?

या परंपरेचा सर्वात मोठा दाखला आल्डो लिओपोल्ड यांचा आहे. अमेरिकेत वन्यजीव व्यवस्थापन या शास्त्राचा पाया घालणारे लिओपोल्ड स्वतः शिकारी होते. तरुणपणी वनखात्याच्या नोकरीत असताना, १९०९ च्या सुमारास, त्यांनी ॲरिझोनात एक लांडगीण मारली. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त, असे तेव्हा त्यांनाही वाटत होते. लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणांनी झाडोरा फस्त केलेला आणि शेवटी तीच उपासमारीने मेलेली पाहिल्यावर त्यांचे मत बदलले. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी ही कबुली दिली.

आजचे लांडगासमर्थक शिकारी आणखी एक कारण देतात : रोग. हरणांचा मेंदू पोखरणारा आणि हमखास जीव घेणारा एक संसर्गजन्य आजार आज अनेक राज्यांत पसरला आहे. तो प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोतच लक्षात आला. अशक्त जनावर लांडगा आधी हेरतो, त्यामुळे आजाराला काही प्रमाणात आळा बसेल, अशी मांडणी केली जाते. त्यावर अभ्यास सुरू आहे. ‘लांडग्यांनी नद्यांचे प्रवाह बदलले’ यांसारखे समाजमाध्यमांवर लोकप्रिय झालेले दावे मात्र अनेक शास्त्रज्ञांना अतिरंजित वाटतात.

या फुटीची झळ संघटनांनाही बसली. एल्कचे थोर अभ्यासक ओलाउस म्युरी यांच्या नावे ‘एल्क फाउंडेशन’ पुरस्कार देत असे. संघटनेची लांडग्यांबाबतची भूमिका कडवी झाल्याचे सांगत म्युरी कुटुंबाने २०१२ मध्ये तो पुरस्कार काढून घेतला.

शिकारीला परवानगी दिली की विरोध मावळतो का?

‘लांडगा चालेल, पण इतर जनावरांप्रमाणे त्याचाही शिकार हंगाम हवा’ ही अनेक शिकाऱ्यांची मधली भूमिका आहे. २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मोन्टाना आणि आयडाहोतील लांडग्यांचे केंद्रीय संरक्षण काढले आणि तिथे अशी शिकार नियमित सुरू झाली. सर्वेक्षणांनुसार मोन्टानात लांडग्यांबद्दल सहिष्णू असलेल्यांचे प्रमाण २०१२ मध्ये ४१ टक्के होते, ते २०२३ मध्ये ७४ टक्क्यांवर गेले. हे आकडे सर्वसामान्य नागरिकांचे आहेत, लांडग्याच्या शिकारीचा परवाना काढणाऱ्यांत हे प्रमाण कमीच आहे. ही वाढ शिकारीच्या मुभेमुळे झाली की सवयीमुळे, हेही सांगता येत नाही.

शिवाय मुभा कुठवर, यावर पुन्हा फूट आहे. २०२१ मध्ये आयडाहोने लांडगे मारण्यावरची बहुतेक बंधने उठवली. मोन्टानाने लांडगा मारणाऱ्याला खर्च भरून देण्याची वाट मोकळी केली. टीकाकारांनी त्याला जुन्या बक्षिसाचा नवा अवतार म्हटले. त्या हंगामात यलोस्टोनचे २५ लांडगे मारले गेले, त्यांतले बहुतेक उद्यानाची हद्द ओलांडल्यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये वायोमिंगमध्ये एकाने बर्फावरच्या मोटारगाडीने लांडग्याला चिरडले आणि जिवंत, तोंड बांधून मद्यालयात आणले. त्याला सुरुवातीला फक्त २५० डॉलर दंड झाला. तेव्हा अनेक शिकाऱ्यांनीही संताप व्यक्त केला. जनावराला निसटण्याची संधी नसेल तर ती शिकारच नव्हे, हा त्यांचा जुना दंडक आहे.

सर्वच शिकारी समाज लांडग्याकडे असे पाहतात का?

नाही. विस्कॉन्सिनमध्ये लांडगे कुणी आणून सोडले नाहीत, शेजारच्या मिनेसोटातून ते आपणहून आले. तिथे कुत्री घेऊन अस्वलाची शिकार करणाऱ्यांचा लांडग्यांवर राग आहे, कारण लांडगे शिकारी कुत्र्यांना मारतात. अशा प्रत्येक कुत्र्यामागे राज्य अडीच हजार डॉलरपर्यंत भरपाई देते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे २०० लांडगे मारण्याची मर्यादा ठरली. जुन्या करारांतील हक्कांनुसार त्यांतले ८१ ओजिब्वे या आदिवासी समाजाच्या वाट्याला आले. ओजिब्वे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करतात, पण लांडग्याला भाऊ मानतात. आपल्या वाट्याचे लांडगे मारायचे नाहीत, असे त्यांनी ठरवले. उरलेल्या शिकाऱ्यांसाठी मर्यादा ११९ होती. प्रत्यक्षात तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. वर्षभरातच न्यायालयाने तिथल्या लांडग्यांना पुन्हा केंद्रीय संरक्षण दिले.

पुढे काय?

कोलोरॅडोत सोडलेल्यांपैकी अनेक लांडगे मेले, काहींना पिल्ले झाली. एप्रिल २०२४ पासून गुरांवर हल्ले नोंदवले जाऊ लागले. लांडग्याने मारलेल्या जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. शिकाऱ्यांच्या नुकसानीला मात्र अशी भरपाई नाही, कारण रानातले एल्क कायद्याने कुणा एकाचे नसते. सार्वमताने लांडग्याला शिकारीबाहेरचा प्राणी ठरवले आहे. संख्या वाढल्यावर हा दर्जा बदलायचा का, हाच पुढचा मोठा वाद असेल. तो बदलला तर मतदारांना आपली फसवणूक झाली असे वाटेल. नाही बदलला, तर मधल्या भूमिकेतले शिकारी विरोधकांकडे झुकण्याची शक्यता आहे. विस्कॉन्सिनमधील तीन दिवस आणि मोन्टानातील बारा वर्षे, असे दोन्ही धडे कोलोरॅडोसमोर आहेत.