कंपनीचे स्पीकर काढण्याआधी दाराच्या आत काय आहे ते बघा

नवी गाडी शोरूमबाहेर आली की पहिला सल्ला ठरलेला, "कंपनीचे स्पीकर काढून टाक, चांगले बसव." सल्ला दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. पण खिशात हात घालण्याआधी कंपनीने स्पीकर नेमका तिथेच का लावलाय, हे कळलेलं बरं.

डॅशबोर्डच्या मागे एसीचे डक्ट, एअरबॅग, वायरिंग यांचीच दाटी. तिथे मावतो तो छोटा ट्विटर. टाळ, शब्दातला 'स' असे बारीक आवाज तो काढतो. हे आवाज सरळ जातात, मध्ये काही आलं की अडतात. म्हणून ट्विटर वर, कानाच्या जवळपास. काही गाड्यांत त्याचं तोंड चक्क समोरच्या काचेकडे असतं. आवाज काचेवर आपटून दोन्ही सीटकडे पसरावा म्हणून.

डग्ग्याचा घुमारा मात्र छोट्या स्पीकरला जमत नाही. त्याला हवा ढकलणारा मोठा पडदा लागतो. तो साधारण साडेसहा इंची स्पीकर दारात जातो आणि दारच त्याची पेटी होतं. पडद्याच्या मागून निघणारा आवाज पुढच्याच्या उलटा असतो. दोन्ही एकत्र आले की बेस मरतो. म्हणून स्पीकरभोवती फोमची रिंग हवी. खाली येणाऱ्या काचेमुळे मागे जागाही कमी, त्यामुळे मॅग्नेट बसका.

आता आपल्याकडचा पाऊस. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत जातंच आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते आतल्या बाजूला येऊ नये म्हणून पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. फिटिंगवाल्याने तो फाडून तसाच सोडला, की खानापूर-चोर्ल्याच्या पावसात कार्पेट ओलं. मग लोक दोष देतात दाराच्या रबराला!

कंपनी स्पीकरमध्ये पैसे वाचवते, हे खरंच आहे. मॅग्नेट लहान, फ्रेम हलकी. पण बऱ्याच गाड्यांत म्युझिक सिस्टीमचा आवाज त्याच स्पीकरला धरून जुळवलेला असतो, त्यामुळे महागडा स्पीकरही कधी कर्कश वाटतो. शिवाय सिस्टीमवर छापलेले 50 वॅट क्षणभराचे. सतत मिळतात ते साधारण 20 च्या आसपास. जड स्पीकर त्यावर उलट हळूच वाजतो.

ड्रायव्हरला उजवा स्पीकर जवळ, डावा लांब. आवाज एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे 34 सेंटीमीटर जातो, आणि एवढा फरकही कानाला कळतो. बॅलन्स थोडा डावीकडे सरकवून बघा, फुकटचं काम आहे.

बदलायचेच असतील तर वायर कापू देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येतो, कपलर मागा. आणि गाडी ताब्यात घेताना बॅलन्स मधे ठेवून बेसचं गाणं लावा. नंतर तो पूर्ण एका बाजूला न्या. एका बाजूला बेस भरतो आणि मधे पोकळ होतो, असं झालं तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली आहे. तिथेच उभं राहून दुरुस्त करून घ्या.