एका यंत्रातील अनेक बिऱ्हाडे

दहावीच्या निकालाचा दिवस. ठरलेली वेळ होते आणि राज्यभरातील लाखो बोटे एकाच क्षणी मोबाइलच्या पडद्यावर टेकतात. बैठक क्रमांक भरला जातो, आईचे नाव भरले जाते, आणि मग एक लहानसे वर्तुळ पडद्यावर गरगर फिरत राहते. घरातले कोणीतरी जाणकारपणे म्हणते, "सर्व्हर डाऊन आहे."

हा सर्व्हर म्हणजे कोण? आणि तो 'डाऊन' होतो म्हणजे त्याचे नेमके काय होते?

सर्व्हर हा अखेर एक संगणकच. पंगतीत जसा वाढपी असतो, तसा हा इंटरनेटवरचा वाढपी. आपण मोबाइलवरून एखादे पान मागतो; सर्व्हर ते तयार करतो आणि पाठवतो. त्याला पडदा नसला तरी चालते, कळफलक नसला तरी चालते. मात्र रात्रंदिवस जागे राहावे लागते. म्हणून असे हजारो संगणक एका मोठ्या इमारतीत, कपाटांच्या रांगांमध्ये बसवतात. तेथे वीज अखंड असते आणि यंत्रे तापू नयेत म्हणून थंड हवा खेळवलेली असते.

आता समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने गेली दहा वर्षे रोजचा पाऊस आणि तापमान नोंदवून ठेवले आहे. या नोंदी सर्वांना पाहता याव्यात म्हणून तुम्हाला संकेतस्थळ काढायचे आहे. त्याला जागा कोठे मिळेल? वसतिगृहातील एका खोलीत अनेकजण राहतात तसे एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे राहू शकतात. हे सर्वांत स्वस्त. पण खोलीचे नियम दुसऱ्याचे. उलट, संपूर्ण यंत्र भाड्याने घेणे म्हणजे स्वतंत्र बंगला, आणि बंगल्याचे भाडे बंगल्यासारखेच. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे सदनिका. इमारत एक, पण प्रत्येकाचे दार वेगळे, कुलूप वेगळे, विजेचा मीटर वेगळा. संगणकाच्या जगातील अशा सदनिकेला 'आभासी खासगी सर्व्हर' किंवा थोडक्यात व्हीपीएस म्हणतात.

'आभासी' हा शब्द तुम्ही प्रकाशाच्या धड्यात वाचला आहे. सपाट आरशातील प्रतिमा आभासी असते. आरशामागे कोणी उभे नसते, तरी डोळ्याला ते दिसते. येथे फसवला जातो तो डोळा नव्हे, तर संगणकाची कार्यप्रणाली. सदनिकेतील कार्यप्रणालीला वाटते की आपण संपूर्ण यंत्राच्या मालक आहोत: आपला प्रोसेसर, आपली स्मृती, आपली डिस्क. प्रत्यक्षात शेजारी अशाच वीस कार्यप्रणाली असतात आणि प्रत्येकीला तसेच वाटत असते!

ही युक्ती अलीकडची वाटते, पण ती तुमच्या आजोबांच्या तरुणपणीची आहे. १९६० च्या दशकात संगणक इतके महाग होते की एका संशोधकासाठी एक यंत्र देणे अशक्यच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकातून १४ आभासी संगणक निर्माण करणारी प्रणाली रचली. सीपी-४० हे तिचे नाव. १९६७ मध्ये ती वापरात आली, आणि १९७२ मध्ये आयबीएमने याच घराण्यातील व्हीएम/३७० ही प्रणाली ग्राहकांसाठी जाहीर केली.

अशा प्रणालीतील मुख्य आज्ञावलीचे नाव मोठे मजेदार आहे. कार्यप्रणालीला त्या काळी 'सुपरव्हायजर' म्हणत. मग सुपरव्हायजरवर देखरेख करणाऱ्याला काय म्हणायचे? 'हायपरव्हायजर'! हे नाव आजही टिकून आहे.

हायपरव्हायजर काम कसे करतो ते पाहू. बेरीज, तुलना, अक्षरे हलवणे अशा साध्या आज्ञा आभासी संगणक थेट प्रोसेसरवरच चालवतो. त्यात कोणी मध्ये पडत नाही, म्हणून वेग फारसा कमी होत नाही. परंतु काही आज्ञा विशेष अधिकाराच्या असतात. स्मृतीची वाटणी बदलणे किंवा डिस्कला हुकूम देणे या त्यांपैकी. सदनिकेतील कार्यप्रणालीने अशी आज्ञा दिली की प्रोसेसर तिला तेथेच थांबवतो आणि सूत्रे हायपरव्हायजरच्या हाती देतो. तो पाहतो की हिला काय हवे आहे. तेवढे काम तिच्याच वाट्याच्या स्मृतीपुरते करतो आणि सूत्रे परत देतो. आगगाडी सिग्नलला थांबून पुन्हा निघाली तरी आत झोपलेल्या प्रवाशाला जसे कळत नाही, तसे त्या कार्यप्रणालीला मधल्या थांब्याचे काहीच कळत नाही.

यासाठी एक अट मात्र पाळली जावी लागते. विशेष अधिकाराला हात घालणारी प्रत्येक आज्ञा थांबवली गेलीच पाहिजे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ मध्ये ही अट काटेकोरपणे मांडली. मौज अशी की, पुढे घरोघरच्या संगणकांत जे इंटेल प्रोसेसरांचे कूळ रुजले त्याने ही अट पाळलीच नाही. त्यातील काही आज्ञा अधिकार नसताना दिल्या, तर प्रोसेसर थांबत नसे आणि तक्रारही करत नसे. तो आज्ञेचा काही भाग गुपचूप गाळून पुढे जाई. पहारेकऱ्याला हाकच ऐकू येणार नसेल तर तो धावणार कसा? १९९९ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने यावर तोड काढली. अडचणीच्या आज्ञा चालवण्यापूर्वीच ओळखून त्या जागी निर्धोक आज्ञा बसवायच्या, तेही यंत्र चालू असताना! त्यानंतर २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच यासाठी सोय केली. २००७ पासून तर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्यातच हायपरव्हायजर येऊन बसला. सदनिका स्वस्त झाल्या त्या यामुळे.

असो. सदनिका घेताना पाहायचे काय? जाहिरातीत बहुधा डिस्कचा आकडा ठळक छापतात. आमच्या मते आधी स्मृतीचा, म्हणजे रॅमचा आकडा पाहावा. थोडे गणित करू. समजा, तुमच्या सर्व्हरला १ गिगाबाइट, म्हणजे १०२४ मेगाबाइट स्मृती मिळाली. त्यातील सुमारे ४०० कार्यप्रणाली आणि नोंदींचे कोठार, म्हणजे डेटाबेस, यांना लागतील असे धरा. उरले ६२४. एका वाचकासाठी पान तयार करणाऱ्या आज्ञावलीला ५० मेगाबाइट लागत असतील, तर एका वेळी बाराच वाचकांची सोय होते. प्रत्येक पानाला अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला २४ पाने. पावसाच्या नोंदींसाठी हे भरपूर झाले.

पण एखाद्या दिवशी अतिवृष्टी होते आणि सारा तालुका तुमचे पान उघडू पाहतो. तेराव्या वाचकाला रांगेत उभे करण्याची व्यवस्था तुम्ही केली असेल, तर त्याला थोडा वेळ थांबावे लागेल, एवढेच. ती केली नसेल तर सर्व्हर सर्वांनाच आत घेतो. स्मृती संपते. मग कार्यप्रणाली डिस्कचा एक भाग स्मृती म्हणून वापरू लागते. आणि डिस्क स्मृतीपेक्षा कितीतरी मंद. अर्ध्या सेकंदाचे पान पाच सेकंदांवर जाते, तेवढ्यात रांग आणखी वाढते, वाचक अधीर होऊन पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि प्रत्येक दाबणे ही नवी मागणी ठरते. शेवटी जागा उरतच नाही, तेव्हा लिनक्स नाइलाजाने एखादी चालू आज्ञावली मारून टाकते. निवड करताना ती बहुधा सर्वांत जास्त स्मृती खाणारीवर बोट ठेवते, आणि पुष्कळदा ती डेटाबेसच असते! यंत्र चालू, वीज चालू, पण वाढायला अन्नच नाही. 'डाऊन' होण्याचा हा एक नेहमीचा प्रकार. निकालाच्या दिवसासारख्या गर्दीला तर एकटा सर्व्हर पुरतच नाही. अनेक सर्व्हर उभे करून मागण्या त्यांच्यात वाटाव्या लागतात. आपल्या बेताच्या संकेतस्थळासाठी मात्र लहान सर्व्हरपासून सुरुवात करावी. व्हीपीएसचा मोठा गुण हाच की गरज पडल्यास स्मृती वाढवून घेता येते. यंत्र उघडून काही बसवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. इमारतीची पाण्याची टाकी सामाईक असते. वरच्या मजल्यावरच्याने सगळे नळ सोडले की तुमची धार बारीक होते. भाड्याने देणाऱ्या कंपन्या अनेकदा एकच प्रोसेसर जरुरीपेक्षा अधिक सदनिकांत वाटतात, कारण सगळे एकाच वेळी तो वापरत नाहीत असा त्यांचा हिशेब असतो. हिशेब चुकला की तुमच्या सर्व्हरला ताटकळत बसावे लागते. लिनक्समध्ये या वाया गेलेल्या वेळाचे मोजमाप ठेवण्याची सोय आहे आणि त्याला चक्क 'चोरीला गेलेला वेळ' अशा अर्थाचे नाव आहे. तो आकडा सतत मोठा दिसू लागला, तर घर बदलावे.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि येथे पदार्थविज्ञान आपली सुटका करत नाही. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. जाऊन येऊन २५,०००. म्हणजे एका फेरीला सेकंदाचा आठवा भाग तरी हवाच. समुद्रतळाच्या तारा सरळ रेषेत जात नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्त. शिवाय सुरक्षित पान उघडताना जोडणी करणे, गुप्त संकेत ठरवणे आणि पान मागणे अशा निदान तीन फेऱ्या होतात. उलट, नागपूरच्या वाचकासाठी सर्व्हर मुंबईत असेल, तर एका फेरीला सरळ हिशेबाने सेकंदाचे सात हजारांश भाग पुरतात. वाचक जेथे, त्याच्या जवळ सर्व्हर, हा साधा नियम.

सदनिका मिळाली की तिची राखण तुमच्याकडे. नवा सर्व्हर इंटरनेटला जोडला की थोड्याच वेळात अनोळखी संगणक त्याच्या दारावर थापा मारू लागतात. त्यांमागे बहुधा माणसेही नसतात. पत्त्यामागून पत्ता तपासत, नेहमीचे परवलीचे शब्द लावून पाहत हिंडणाऱ्या आज्ञावली असतात. म्हणून शब्दाऐवजी किल्लीची जोडी वापरावी: कुलूप सर्व्हरवर, किल्ली फक्त आपल्या संगणकात. या कामी जी एसएसएच पद्धत जगभर वापरतात ती फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी परवलीचे शब्द चोरले होते, ते त्याला निमित्त झाले. किल्ली असली तरी भिंतीला भेगा पडतातच. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला, त्या दिवशीच दुरुस्तीही प्रसिद्ध झाली. पण ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते बाहेरच्याला वाचता येत राहिली.

आता सर्वांत महत्त्वाचे. सर्व्हर आभासी असला तरी तो ज्या यंत्रात राहतो ते लोखंडाचे असते आणि ते जळू शकते. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरांच्या एका पाच मजली इमारतीला आग लागली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण इमारत यंत्रांसह नष्ट झाली आणि असंख्य संकेतस्थळे एकाएकी नाहीशी झाली. ज्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी होत्या, ते पुन्हा उभे राहिले. काहींच्या प्रती मात्र त्याच आवारात होत्या. त्यांना वाटले होते की प्रत आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत!

नुसती प्रत असूनही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या अनेक पद्धती तेथे होत्या. ऐन वेळी पाहतात तो त्यांपैकी बहुतेक कधीच्या बंद पडलेल्या! सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर काम निभावले, आणि मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सारे लपवून न ठेवता जाहीरपणे सांगितले, म्हणून आज आपण त्यावरून शिकू शकतो.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. तुमच्या संकेतस्थळावर नुसती माहितीची चार पाने असतील, तर व्हीपीएसच्या खटाटोपात पडू नये. वसतिगृहातील खाट पुरते. नोंदी रोज भरल्या जाणार असतील, आपली स्वतःची आज्ञावली चालवायची असेल आणि राखण करायला कोणी तयार असेल, तरच सदनिका घ्यावी.

तोपर्यंत शाळेच्या प्रयोगशाळेत सराव करता येईल. व्हर्च्युअलबॉक्स ही आज्ञावली संगणकावर बसवा आणि तिच्यात १ गिगाबाइट स्मृतीचा आभासी संगणक तयार करून त्यावर लिनक्स घाला. आता आत जाऊन 'फ्री' ही आज्ञा द्या. यंत्रात ८ गिगाबाइट असले तरी आतली कार्यप्रणाली सुमारे एकच सांगेल. मग आठवड्याभराच्या पावसाच्या नोंदी आत साठवा, त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि एका मित्राला तो आभासी संगणक सरळ पुसून टाकायला सांगा. दुसऱ्या मित्राने केवळ त्या प्रतीवरून सर्व पूर्ववत उभे करायचे. पहिल्या खेपेला काहीतरी राहून गेलेले आढळेल. काय राहिले आणि एकूण किती मिनिटे लागली, हे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात प्रयोग पुन्हा करा.