खेळाला मराठी शिकवूया!



मागच्या सुट्टीत नाशिकहून आजी आल्या होत्या. नातू संगणकावर 'माइनक्राफ्ट'मध्ये घर बांधायचा आणि आजी शेजारी बसून विचारायच्या, "हे काय रे?" उत्तर इंग्रजीत यायचे. माती, वाळू हे शब्द त्याला माहीत होते, पण तोंडात येत नव्हते. मग आम्ही ठरवले, खेळालाच मराठी शिकवू!

खेळाच्या 'ऑप्शन्स' फाइलमध्ये 'लँग' अशी एक ओळ असते. कोणता शब्दकोश उघडायचा, एवढेच ती सांगते. शब्द असतात भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये. तिथे प्रत्येक ओळीत डावीकडे वस्तूचे सांकेतिक नाव आणि उजवीकडे पडद्यावर दिसणारा शब्द असतो. डावी बाजू तशीच ठेवून उजवी बदलायची.

संगणकावरच्या 'जावा' आवृत्तीसाठी कृती अशी:

१. खेळ बंद करा. विंडोजची खूण व 'आर' एकदम दाबून इंग्रजीत %ॲपडेटा% लिहा. एरवी लपलेला फोल्डर उघडेल. त्यात 'डॉट माइनक्राफ्ट' व त्याच्या आत 'रिसोर्सपॅक्स' आहे.

२. एखादा तयार रिसोर्स पॅक नमुन्याला घ्या. त्याची माहितीची फाइल ठेवा, कारण खेळाच्या आवृत्तीप्रमाणे तिच्यातला आकडा बदलतो. मग 'ॲसेट्स', त्यात 'माइनक्राफ्ट', त्यात 'लँग' असे फोल्डर करा.

३. तिथे नोटपॅडमध्ये अमेरिकन इंग्रजीच्या नावाची (ई-एन, अंडरस्कोर, यू-एस) 'जेसन' फाइल बनवा. 'ब्लॉक डॉट माइनक्राफ्ट डॉट स्टोन'समोर 'दगड', 'डर्ट'समोर 'माती', 'सँड'समोर 'वाळू' असे लिहा. बाकीचे शब्द इंग्रजीतच राहतात, म्हणून तीन ओळींपासून सुरुवात चालते.

४. फाइल 'यूटीएफ-८' प्रकारात साठवा. मग खेळातील 'रिसोर्स पॅक्स'मध्ये जाऊन आपला पॅक निवडा.

सगळ्या ओळी महिरपी कंसात हव्यात, आणि शेवटची सोडून प्रत्येक ओळीनंतर स्वल्पविराम हवा. आमचा एक स्वल्पविराम राहिला आणि एकही शब्द बदलला नाही! मूळ फाइलींना हात लावलेला नसतो, त्यामुळे पॅक काढला की खेळ पूर्ववत होतो.

आजी आता नाशिकला परतल्या आहेत. परवा नातवाने फोन करून विचारले, "आजी, ग्रॅव्हलला काय म्हणायचं?" "खडी!" आजी म्हणाल्या. ती ओळ त्याने स्वतः लिहिली.

आपल्याही घरी करून पाहा. मुलांनी शोधलेले शब्द आम्हाला जरूर कळवा.